बोंडूचे गाणे, ट्रकातल्या ठेक्यावर

जुन्या गाण्यावर कोणी नवा ठेका चढवला, त्याची गती वाढवली, म्हणजे ज्याला आता सगळे रिमिक्स म्हणतात ते केले, तर त्या गाण्याला दुसरे आयुष्य मिळते, की त्याचे पहिले आयुष्यही जाते, हा प्रश्न घेऊन मी तुमच्यासमोर बसलो आहे. तुम्ही लिहून घेता आहात, तेव्हा आधी प्रश्न नीट लिहा, खाली रेघ मारा. मी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, प्रश्न फळ्यावर लिहिल्याशिवाय उत्तराला हात घालायचा नाही ही सवय आता जायची नाही. मात्र ह्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, ते माझ्या बायकोने दिले, आणि तेही आवाज गेल्यानंतर.

माझा जन्म पेडण्यातल्या हळर्णचा. किल्ल्याच्या पडक्या भिंतीजवळ आमचे शेत, वडील शेती करायचे, आणि मी तिसरीत असताना पोर्तुगीज गेले, म्हणजे अर्धे शिक्षण एका राज्यात आणि अर्धे दुसऱ्यात. पुढे शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि पहिली नेमणूक डिचोलीकडे पाळी गावात झाली. पाळी म्हणजे मायनिंगचा गाव. लोखंडाची लाल माती भरलेले ट्रक खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत दिवसभर धावायचे, आणि आमच्या वर्गाचे जनेल, म्हणजे खिडकी, उघडे ठेवले की दुपारपर्यंत फळा लाल व्हायचा. मी मुलांना सांगायचो, आधी फळा पुसा, मग वाचा. हे पुसणे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

बायको कोरगावची. प्रभा. ती आत आहे, तिला ऐकू सगळे येते, बोलणे मात्र कुजबुजल्यासारखे, तेव्हा मी काही चुकीचे सांगितले तर ती पेल्यावर चमचा वाजवील, तुम्ही दचकू नका. लग्नाआधी प्रभा गावच्या ऑर्केस्ट्रात गायची. ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, एक पेटी, एक मेंडोलिन, एक ढोलकी आणि उसना मायक. गावच्या टपालवाल्याने एक गाणे रचले होते, काजू वेचणाऱ्या बायकांचे. बोंडू पिकलो, वारो सुटलो, वेच गो बाये वेच, बी बाजाराक, रोस भटयेक, घरा आमची पेज. बोंडू म्हणजे काजूचे फळ हे तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी लिहा. बी जाते बाजारात, रस जातो दारूच्या भट्टीत आणि वेचणारीच्या वाट्याला पेज, एवढाच त्याचा अर्थ, पण काय सांगू तुम्हाला, त्या दोन-तीन वर्षांत पेडण्यात असे लग्न नसेल, अशी जत्रा नसेल, जिथे ते गाणे म्हटले गेले नाही. लोक प्रभाला नावाने ओळखत नसत, बोंडूवाली म्हणत. मी तिला पाहायला गेलो तेव्हा तिच्या आईने कदेल पुढे केली, मी बसलो, आणि तिच्या मावशीने मला विचारले, मास्तरानू, चेडू गायता ता तुमका चलता मां? मी म्हटले, शब्द स्पष्ट असले तर चालेल. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

लग्न झाल्यावर ती पाळीला आली आणि गाणे स्वयंपाकघरापुरते राहिले. मी काही मना केले नव्हते, हे लिहा. पण मास्तराची बायको मंचावर कशी जाणार असे कोणी बोलले नाही, आणि जा असेही कोणी बोलले नाही, माझ्यासकट. माझा एक चुलतभाऊ बोटीवर कामाला होता, त्याने परदेशातून टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा मी ठरवले की हे गाणे एकदा व्यवस्थित नोंदवून ठेवायचे. रविवारी शाळा रिकामी. मी सगळी जनेले बंद केली, मेजावर यंत्र ठेवले, तिला समोर उभे केले, पेटीवर तिच्या भावाला बसवले, शेजारी मेंडोलिनवाल्याला, आणि हातात फूटपट्टी घेतली. फूटपट्टी तालासाठी. प्रभा गायला लागली, दोन मिनिटे झाली आणि मी यंत्र थांबवले. म्हटले, घाई होते आहे, वेच मधला च ऐकू येत नाही. दुसऱ्यांदा गायली, पुन्हा थांबवले. तिसऱ्यांदा मी मेजावर फूटपट्टी आपटत राहिलो, एक, दोन, एक, दोन, आणि तिने त्याच चालीने गाणे म्हटले, प्रत्येक अक्षर सुटे, प्रत्येक मात्रा जागच्या जागी. प्रत्येक वेळी मी फीत मागे नेऊन आधीच्या गायनावरच पुन्हा भरली, कारण फीत वाया घालवणे मला पसंत नव्हते. तिसरे तेवढे राहिले. मी फार खूश झालो. तिने पदर खोचला आणि जनेले उघडली.

कॅसेटला मागच्या कडेला दोन छोट्या खिट्ट्या असतात, आता तरुण मुलांना हे ठाऊक नसते म्हणून सांगतो. खिट्टी मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मी दोन्ही खिट्ट्या मोडल्या आणि कॅसेट कपाटात ठेवली. डिचोलीच्या बस स्टँडजवळ रघू नावाचा माझा जुना विद्यार्थी कॅसेटी भरून द्यायचे दुकान चालवायचा, त्याला एकदा नक्कल काढायला दिली, जत्रेत कर्ण्यावर लावायला हवी होती म्हणून. जत्रेत वाजली. पुढच्या जत्रेत सिनेमाची गाणी वाजली. मग बोंडूचे गाणे कोणी मागेनासे झाले. नवीन येते तेव्हा जुने मागे पडते, त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही असे मी वर्गात सांगायचो, पण घरी प्रभा भाकरी थापताना ते गुणगुणायची तेव्हा मला वाटायचे, आपण तरी ते जपले आहे.

मग आले राज्यभाषेच्या वादाचे दिवस. कोण मराठीचा, कोण कोंकणीचा, चहाच्या दुकानातही लोक वेगवेगळ्या बाकांवर बसायचे. एकाने घरी येऊन मला विचारले, मास्तर, तुमच्या बायकोचे ते गाणे मराठी की कोंकणी? मी व्याकरणाने उत्तर द्यायला निघालो, तर प्रभा आतून म्हणाली, काजू वेचताना आमका कोणी विचारूक नाय, आता कित्या विचारतास? तो मनुष्य चहा अर्धा टाकून गेला.

त्याच काळात एका सकाळी मी रस्त्याकडेला उभा होतो, समोरून भरलेला ट्रक आला, आणि त्यातून धाड धाड असा ढोल, आणि ढोलावर प्रभाचा आवाज. वेच गो बाये वेच. माझ्या हातातली हजेरीवही पडली. आवाज तिचाच, पण बारीक झालेला, आणि गाणे धावत होते, कोणी मागे लागल्यासारखे. मी तसाच पुढची बस पकडून डिचोलीला गेलो. रघू म्हणाला, मास्तरानू, वायच बसा. मी बसलो नाही. त्याने समजावून सांगितले की ट्रकवाल्यांना जुनी गाणी हवी असतात, पण चढावावर इंजिन गुरगुरायला लागले की पेटी, मेंडोलिन, आवाज, सगळे त्यात बुडते, फक्त ठेका तेवढा वर येतो, म्हणून तो जुन्या गाण्याखाली विजेच्या यंत्रावरचा ढोल भरून देतो. आणि संथ गाण्यावर झोप येते, म्हणून टेपच्या मोटारीवरचा एक बारीक स्क्रू फिरवून गती वाढवतो. गती वाढली की आवाजही थोडा वर चढतो, ते त्याच्या हातात नव्हते. वर म्हणाला, बोंडू सगळ्यात जास्त चलता, मास्तरानू, तुमका सांगूकच येवचो आसलो.

मी काय केले ते आता सांगतो, आणि ते जसेच्या तसे लिहा. मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, त्याला वर्गातल्यासारखा उभा केला. म्हटले, हा अपभ्रंश आहे, हे माझ्यासमोर पूस. रघू म्हणाला, जत्रेसाठी काढलेली मूळ नक्कल पण? मी म्हटले, ती पण. तो माझा विद्यार्थी होता, त्याने पुसली. दोन्ही कॅसेटी मशीनमध्ये घातल्या आणि कोऱ्या केल्या, आम्ही दोघे ती फिरणारी चाके बघत उभे होतो, आणि एक ट्रकवाला मागून म्हणाला, मास्तर, आमच्यो ज्यो विकत घेतल्यो त्यो पण पुसतलात काय? घरी आल्यावर प्रभाला सगळे सांगितले, अभिमानाने सांगितले. तिने विचारले, ट्रकवाले आयकतत काय तां? मी म्हटले, ऐकत होते. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

त्या थंडीत तिच्या गळ्यात गाठ निघाली. ती काढावी लागली. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की जीव वाचेल, आवाज बहुधा राहणार नाही, आणि त्यांनी सांगितले तसेच झाले. घरी आली तेव्हा पहिले आठ दिवस ती पाटीवर लिहून बोलायची, माझ्याच शाळेची पाटी. मग कुजबुज सुरू झाली. मी तिला कधी गाण्याबद्दल विचारले नाही. कपाटात कॅसेट आहे, एवढा आधार मला होता. ती समोर बसलेली असायची आणि मला तिच्या आवाजाची आठवण यायची, हे कसे सांगू तुम्हाला, मनुष्य परगावी गेला तर पत्राची वाट बघता येते, इथे मनुष्य ताट वाढतो आहे आणि तुम्ही त्याची वाट बघता आहात.

मे महिन्याच्या सुट्टीत मी सगळ्या कॅसेटींच्या चिठ्ठ्या बदलल्या, जुन्या पिवळ्या पडल्या होत्या. प्रत्येकीवर क्रमांक, विषय, पहिली बाजू, दुसरी बाजू, सगळे टाकाच्या निबने, वळणदार. बोंडूच्या कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती, तसे लिहिले. त्याच सुट्टीत गोवा वेगळे राज्य झाले, आणि शाळा उघडल्यावर ठरले की मुलांनी नव्या राज्याच्या तालुक्यांची नावे पाठ म्हणायची आणि ती ध्वनिमुद्रित करून समारंभात लावायची. कोरी कॅसेट हाताशी नव्हती. मी विचार केला, बोंडूच्या कॅसेटची एक बाजू कोरीच आहे. मोडलेल्या खिट्टीच्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येते, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते. चिठ्ठी वाचली, दुसरी बाजू वर केली, चिकटपट्टी लावली आणि मुलांना म्हटले, सुरू करा.

समारंभ झाल्यावर कॅसेट घरी आणली. काही दिवसांनी संध्याकाळी प्रभा माझ्याजवळ आली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच म्हणाली, तां लाया मरे एकदा. मी हात धुतले. पहिली बाजू वर करून लावली, नुसतीच खरखर. मी म्हटले, थांब, पुढे असेल. फीत सरकत राहिली, खरखर. मग बाजू बदलली, आणि बटण दाबले तर चाळीस मुले एका सुरात, पेडणे, डिचोली, सत्तरी, बार्देश, तिसवाडी, फोंडा, मुरगाव, सासष्टी, सांगे, केपे, काणकोण. आणि पुन्हा पेडणे. आणि पुन्हा. मी चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या होत्या. माझे अक्षर इतके सुंदर होते की मी लावून ऐकलेच नव्हते. छत्तीस वर्षे मुलांना सांगितले, उत्तर लिहिल्यावर पडताळा करा, आणि स्वतः केला नाही. प्रभा काणकोणपर्यंत ऐकत राहिली आणि कुजबुजली, पोरां स्पष्ट म्हणतत. तेवढेच. रागावली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी रघूकडे गेलो. ह्या वेळी आपण होऊन बसलो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, तुमीच पुसूक लावलात, मास्तरानू, आता खंयसून आणू? मग स्वतःच म्हणाला, ट्रकवाल्यांनी घेतलेल्या असतील, त्या कोणाकडे आहेत ते मला माहीत नाही, पण तुम्ही विचारा. ज्याला मी अपभ्रंश म्हटले होते, त्याच्या शोधात मी पाळीच्या रस्त्यावर उभा राहिलो. शाळा सुटल्यावर रोज, वही घेऊन, ट्रकाचा क्रमांक, ड्रायव्हरचे नाव, बोंडूची कॅसेट आहे का, नाही. काहींच्या कॅसेटी फीत अडकून तुटल्या होत्या, काहींवर दुसरी गाणी भरली होती, एकाची उन्हात वितळून पापडासारखी झाली होती, ती त्याने दाखवली. ड्रायव्हर एकमेकांना ओरडून सांगायचे, सांभाळून चलया रे, मास्तर आज ट्रकांची हजेरी घेतत. एकाने तर वाकून हजर मास्तर म्हटले. मी हसलो नाही, पण दुसऱ्या दिवशी तो दिसला नाही तेव्हा त्याच्या नावापुढे गैरहजर लिहिले.

श्रावण संपत आला तेव्हा बाबल भेटला. सिंधुदुर्गातला, सावंतवाडीच्या बाजूचा, ट्रक चालवायला आलेला आणि बायको-मुलीला घेऊन पाळीतच खोली करून राहिलेला. त्याने आधी मला नीट पाहिले. म्हणाला, दुकानात पुसूक लावलात ते तुमीच मां? मी हो म्हटले. तो म्हणाला, मग कॅसेट कित्या होयी, परत पुसूक? मी त्याला खरे ते सांगितले, रस्त्यात उभे राहून, ट्रक चालू, चिखल उडतो आहे, की ही बाई माझी बायको आहे, आणि तिला आता आवाज नाही. त्याने इंजिन बंद केले. म्हणाला, देतंय, पण माका दुसरी भरून दिया, हेच्याशिवाय माझां चेडू निजणा नाय. मी विचारले, ढोलावर मूल झोपते? म्हणाला, मास्तरानू, ढोल नाय तर तेका वाटता बापूस घरा नाय.

कॅसेट घरी आणली. चिठ्ठी नव्हती, खिट्ट्या शाबूत होत्या, म्हणजे इतके दिवस कोणीही सहज पुसू शकला असता. त्या खिट्ट्या मी आधी मोडल्या आणि मगच यंत्रात घातली. ढोल सुरू झाला आणि मी प्रभाला म्हणालो, रघूने बिघडवले आहे, पण आवाज तुझा आहे, ढोलाकडे लक्ष देऊ नको, मी कोणाला तरी विचारून गती कमी करून घेतो. तिने हात वर केला. मास्तर मुलांना गप्प करतो तसा. संपूर्ण ऐकले, पुन्हा लावायला सांगितले, आणि दुसऱ्या वेळी तिचे बोट मांडीवर चालत होते, ढोलाच्या अचूक बरोबर. मग कुजबुजत म्हणाली, आता बरोबर धावता. मी म्हटले, म्हणजे? म्हणाली, मी आधी असाच गायचंय. बोंडू वेचताना हात चलतत तेवढा बेगीन. तुमी शाळेत माझां गाणां बसयलात. आणि थोड्या वेळाने, ह्यो आवाज पण लग्नाआधीचो वाटता.

तुम्ही विचारता की मला काय वाटले. मला फूटपट्टी आठवली. पहिल्यांदा ती तिच्या गतीने गायली होती, ते गायन त्या फितीवर दोन मिनिटे होते, आणि ते मी च ऐकू येत नाही म्हणून पुसले. रघूने पुसले ते माझ्या सांगण्यावरून, मुलांनी पुसले ते माझ्या चिठ्ठीवरून, पण सर्वांत आधी पुसले ते मी, स्वतःच्या हाताने, मूळ जपण्यासाठी. आणि ज्याला गाण्यातले काही कळत नाही असे मी म्हणायचो, त्याने ट्रकवाल्यांची झोप उडवायला एक स्क्रू फिरवला, आणि गाणे जिथून निघाले होते तिथे परत गेले. त्याला ठाऊकही नव्हते.

तेव्हा उत्तर असे लिहा. दुसरे आयुष्य मिळते, पण फुकट नाही. मेंडोलिन गेली, ती त्या ढोलाखाली कुठेच ऐकू येत नाही. तिच्या भावाची पेटीही एका कडव्यापुरती उरली आहे, आणि तो भाऊ आता नाही. आणि आवाज जो आहे तो तिचा आहे आणि नाहीही, थोडा बारीक, थोडा तरुण. प्रभाला तो पुरतो. मला, खरे सांगायचे तर, अजून पुरत नाही. मला ती पहिली दोन मिनिटे हवी आहेत, जी यंत्र थांबवून मी मागे नेली. ती कोणत्याही रिमिक्समधून येणार नाहीत.

बाबलला कॅसेट भरून दिली, रघूनेच भरली. ती फिरत राहिली असावी. मायनिंगचे ट्रक आता पूर्वीसारखे धावत नाहीत, आम्ही निवृत्तीनंतर कोरगावला येऊन राहिलो, आणि गेल्या वर्षी इथल्याच एका लग्नात पोरांनी मोबाइलवरून तेच गाणे लावले, त्या ढोलावर आणखी एक ढोल, आणखी गती, आणि मध्येच कोणीतरी इंग्रजीत काही ओरडतो. सगळी पोरे नाचत होती. प्रभा खुर्चीवर बसली होती. एक मुलगी तिला ओढायला आली, म्हणाली, आज्ये, चल गो, फेमस गाणां आसा, तुका म्हायत नसतलां. प्रभाने तिच्याकडे पाहिले आणि ओठ हलवले, शब्दाला शब्द, सबंध कडवे. आवाज अर्थात नव्हता. त्या मुलीला वाटले म्हातारीला गाणे पाठ आहे, आणि तिने टाळ्या वाजवल्या. मी सांगायला उठलो होतो की हे गाणे हीच गायली आहे. प्रभाने माझा सदरा धरून खाली बसवले.

चमचा वाजला नाही, म्हणजे मी सांगितले ते बरोबर असावे. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, मी एकदा स्वतःच्याच अक्षरावर ठेवला होता. तुमच्या घरी जुने गाणे असेल आणि त्याचे नवे रूपही कुठे वाजत असेल, तर दोन्ही ऐका, आणि ज्याने ते पहिल्यांदा म्हटले किंवा ऐकले असा कोणी अजून असेल तर त्याच्याजवळ बसून ऐका आणि त्याचे बोट कोणत्या ठेक्यावर चालते ते बघा. माझे उत्तर चूक निघाले तर मला कळवा.